समुद्रकाठचे छोटे हॉटेल : घर आणि दुकान

समुद्रकाठच्या एखाद्या शहरात सात-आठ खोल्यांच्या छोट्या हॉटेलात राहून आलेला माणूस तेथील स्वच्छतेची, न्याहारीची, खिडकीतून दिसणाऱ्या पाण्याची स्तुती करतो. परंतु त्याच्या सांगण्याचा शेवट बहुधा 'अगदी घरच्यासारखे वाटले' या शब्दांनी होतो. मोठ्या हॉटेलाची स्तुती या शब्दांत सहसा कोणी करीत नाही. हा फरक मालकाच्या स्वभावाचा मानण्याची रीत आहे : मालक सालस, म्हणून हॉटेल आपुलकीचे. तथापि एकाच गावातील शेकडो घरे पिढ्यान्‌पिढ्या एकाच रीतीने पाहुण्यांचे स्वागत करताना आढळतात, तेव्हा केवळ स्वभावावर बोट ठेवून भागत नाही. त्या आपुलकीमागे काही आर्थिक व सामाजिक व्यवस्था असली पाहिजे, असे मानणे भाग पडते.

ही व्यवस्था समजून घेण्यास इंग्लंडमधील सागरी विहारस्थाने, आणि त्यांतही लँकशर परगण्यातील ब्लॅकपूल, हे सर्वांत सोयीचे उदाहरण होय. त्याच्या इतिहासावरून एक गोष्ट स्पष्ट होते. छोटे हॉटेल एकाच वेळी घर असते आणि दुकानही असते. त्याची आपुलकी त्याच्या घरपणातून येते. आणि दारातून माणसाला परत पाठविण्याचा हक्कही ते त्याच घरपणाच्या आधारे सांगते. या दोन गोष्टींचा एकत्र विचार केल्याशिवाय अशा हॉटेलाचे स्वरूप उलगडत नाही.

१. गिरण्यांची सुट्टी

अठराव्या शतकात ब्लॅकपूल हे थोड्या सुखवस्तू कुटुंबांचे सागरस्नानाचे ठिकाण होते. १८४६ मध्ये तेथे रेल्वे पोहोचली आणि त्याचे रूप पालटले. समुद्रात शिरलेले लाकडी सज्जांचे दोन धक्के १८६३ व १८६८ मध्ये बांधले गेले. १८७८ मध्ये 'विंटर गार्डन्स' हे करमणूकगृह उघडले. १८८५ मध्ये विजेची ट्राम धावू लागली. १८९४ मध्ये ५१८ फूट उंचीचा मनोरा उभा राहिला. १९०१ मध्ये गावाची लोकवस्ती सुमारे ४७,००० होती, आणि उन्हाळ्यात येणारे लोक त्याहून कितीतरी पटींनी अधिक असत.

हे लोक प्रामुख्याने कापडगिरण्यांतील कामगार होते. लँकशरच्या गिरणगावांत 'वेक्स वीक' नावाची प्रथा होती. मूळचा हा चर्चचा वार्षिक उत्सव, आपल्याकडील ग्रामदैवताच्या जत्रेसारखा. औद्योगिक काळात तो आठवड्याच्या सुट्टीत रूपांतरित झाला. त्या आठवड्यात गावातील गिरण्या एकदम बंद होत. ओल्डहॅमचा आठवडा वेगळा, बर्नलीचा वेगळा, ब्लॅकबर्नचा वेगळा. सुट्टी बहुधा बिनपगारी असे. म्हणून कामगार वर्षभर बचतमंडळांत थोडेथोडे पैसे टाकून ठेवीत. आठवड्याच्या पगारी रजेला कायद्याचा आधार मिळाला तो १९३८ मध्ये, आणि त्याचा खरा लाभ दुसऱ्या महायुद्धानंतर झाला.

या व्यवस्थेचे दोन परिणाम झाले. प्रत्येक गावाची पाळी निराळी असल्यामुळे हंगाम लांबला, आणि एका आठवड्याच्या गर्दीवर वर्ष काढण्याचा प्रसंग घरमालकांवर आला नाही. दुसरे म्हणजे, एका आठवड्यात येणारे पाहुणे बहुतांशी एकाच गावचे, एकमेकांच्या ओळखीचे असत. छोट्या हॉटेलाच्या आपुलकीचा पाया येथे घातला गेला.

२. घरमालकिणीचा हिशेब

ब्लॅकपूलमधील हा धंदा मुख्यतः स्त्रियांनी चालविला. जॉन के. वॉल्टन या इतिहासकाराने १९७८ मध्ये 'द ब्लॅकपूल लँडलेडी' हा ग्रंथ प्रसिद्ध करून या स्त्रियांना सामाजिक इतिहासात स्थान मिळवून दिले. त्यांच्यात विधवा व अविवाहित स्त्रिया पुष्कळ होत्या. नवरा ट्रामवर किंवा बांधकामावर कामास जाई आणि घर पाहुण्यांनी भरण्याचे काम पत्नी करी, अशीही कुटुंबे होती. अनेकजणी स्वतः गिरणगावांतून आलेल्या होत्या. भाड्याचे घर, काही पलंग आणि स्वतःचे श्रम एवढ्या भांडवलावर स्त्रीला स्वतंत्रपणे करता येण्याजोगे जे थोडे धंदे त्या काळी होते, त्यांतील हा एक होता.

आरंभीची पद्धत 'अपार्टमेंट्स' या नावाने ओळखली जाई. पाहुणा खोलीचे भाडे देई. मांस, चहा, लोणी हा शिधा तो स्वतः बाजारातून आणी. घरमालकीण तो शिजवून वाढी. एका घरात पाच कुटुंबे असली, तर पाच कुटुंबांचा शिधा वेगवेगळा ठेवून, पाच निरनिराळी जेवणे एकाच चुलीवर, जवळजवळ एकाच वेळी तयार करावी लागत. मीठ, मिरी, मोहरी, व्हिनेगर यांच्या भांड्याबद्दल निराळा आकार लावला जाई, आणि या आकारावरून विनोदी नटांनी घरमालकिणीची यथेच्छ टवाळी केली. वस्तुतः तो आकार म्हणजे तिच्या न मोजल्या जाणाऱ्या श्रमांपैकी थोडा भाग वसूल करण्याचा मार्ग होता. दोन महायुद्धांच्या दरम्यान ही पद्धत मागे पडून खोली व जेवण यांचा एकत्रित दर रूढ झाला.

हंगामात या घराचे घरपण प्रत्यक्षात काय असे, हेही ध्यानात घेतले पाहिजे. चांगल्या खोल्या पाहुण्यांना दिल्या जात. घरची माणसे माळ्यावर किंवा स्वयंपाकघरात अंथरूण टाकीत. मुलींना शाळेच्या वयातच पलंग आवरणे, भांडी घासणे ही कामे करावी लागत. शनिवारी सकाळी एक तुकडी निघे आणि दुपारी दुसरी येई. मधल्या काही तासांत सारे घर धुऊनपुसून तयार व्हावे लागे. पाहुण्याला जे घरच्यासारखे वाटे, ते घरच्या माणसांनी आपले घर सोडून दिल्यामुळे वाटे. घरमालकिणीचे कडक नियमही याच दृष्टीने पाहिले पाहिजेत. न्याहारीनंतर बाहेर पडावे, जेवणाची वेळ चुकवू नये, रात्री ठरल्या वेळी परतावे, या नियमांमुळेच एका बाईला दिवसाचे काम पार पाडणे शक्य होई. डोनल्ड मॅकगिल यांची विनोदी पोस्टकार्डे जेथे विकली जात, त्या समुद्रकाठच्या विनोदात ही करारी स्त्री एक ठरीव पात्र बनली. हॅरॉल्ड पिंटर यांच्या 'द बर्थडे पार्टी' (१९५८) या नाटकाची पार्श्वभूमीही समुद्रकाठच्या अशाच निवासगृहाची आहे.

३. ओळखीचे गिऱ्हाईक

हॉटेलाच्या धंद्यात एक मूलभूत अडचण असते. कापड हाताळून घेता येते, आंबा हुंगून घेता येतो. खोली मात्र राहिल्याशिवाय कळत नाही. पाहुणा दूरगावाहून येतो, घर त्याने पाहिलेले नसते, आणि फसवणूक झाली तरी सुट्टीचा तोच एक आठवडा असल्यामुळे ती भरून निघत नाही. मालकालाही तीच धास्ती असते : पाहुणा कसा निघेल, पैसे देईल की नाही, इतरांना त्रास देईल काय?

ब्लॅकपूलमध्ये ही अडचण ओळखीने सोडविली. तेच कुटुंब दरवर्षी त्याच घरी, पुष्कळदा त्याच खोलीत येई. निघताना पुढील वर्षाची जागा सांगून ठेवी. एका कुटुंबाचा अनुभव त्याच्या गल्लीत आणि गिरणीत पसरे. बर्नलीच्या एका पाहुण्याशी केलेली हयगय पुढील वर्षी बर्नलीच्या चार कुटुंबांना तोडू शके. उलट आजारी मुलासाठी रात्री उठून करून दिलेली पेज चार नवी कुटुंबे आणून देई. आपुलकी आणि हिशेब यांचा येथे विरोध नव्हता. दीर्घकाळ टिकणाऱ्या ओळखीत आपुलकीने वागणे हाच हिशेबाचा शहाणपणा होता, आणि वर्षानुवर्षे तसे वागता वागता ती आपुलकी खरीही होत असे.

मराठी वाचकाला यात मुंबईच्या गिरणगावातील खाणावळीची आठवण होणे स्वाभाविक आहे. कोकणातून किंवा घाटावरून आलेला गिरणीकामगार बहुधा आपल्याच भागातील बाईच्या खाणावळीत जेवे. तेथे उधारी चाले, कारण त्याचे गाव, घर, नातलग तिला ठाऊक असत. गिरणीसंपाच्या व बेकारीच्या दिवसांत या उधारीचे ओझे खाणावळवालीने वाहिले. अशा स्त्रियांना सावकाराच्या कचाट्यातून सोडविण्यासाठी प्रेमा पुरव यांच्या पुढाकाराने १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन झाले. ब्लॅकपूलला पाहुणा सुट्टीसाठी जाई आणि गिरणगावात कामगार पोटासाठी राही, हे अंतर मोठे आहे. परंतु दोन्हीकडे घरातील स्त्रीचे श्रम बाजारात आले, आणि दोन्हीकडे गावाच्या ओळखीने लेखी कराराची जागा घेतली.

४. सराई आणि खासगी हॉटेल

परंतु जे स्वागत ओळखीवर उभे असते, ते अनोळखी माणसाचे काय करते? येथे कायद्याचा प्रश्न उपस्थित होतो.

इंग्लंडच्या रूढिजन्य कायद्यात वाटसरूंसाठी उघडलेल्या सराईचे स्थान फार जुने आहे. सराईवाल्याने आलेल्या प्रवाशाला, जागा असेल आणि तो पैसे देण्यास तयार असेल तर, सबळ कारणावाचून परत पाठविता कामा नये, असा नियम होता. प्रवाशाचे सामान हरवल्यास सराईवाला जबाबदार असे. १५८४ मधील एका प्रसिद्ध खटल्यात हे तत्त्व मांडले गेले. या कडक जबाबदारीच्या मोबदल्यात, देणे थकल्यास प्रवाशाचे सामान अडकवून ठेवण्याचा हक्क त्याला मिळाला होता. १९५६ च्या हॉटेल प्रोप्रायटर्स ॲक्टने ही परंपरा नव्या शब्दांत बांधली. जो कोणी प्रवासी योग्य स्थितीत येईल आणि वाजवी दाम देऊ शकेल, त्याला विशेष करारावाचून अन्न, पेय आणि निवास देऊ करणारी संस्था म्हणजे 'हॉटेल', अशी व्याख्या तीत आली. सामानाच्या नुकसानीची जबाबदारी सामान्यतः एका वस्तूस ५० पौंड व एकूण १०० पौंड इतकी मर्यादित करण्यात आली.

समुद्रकाठची बोर्डिंग हाऊसे आणि 'प्रायव्हेट हॉटेल' अशी पाटी लावणारी घरे या व्याख्येबाहेर राहिली. पाटीवरील 'प्रायव्हेट' हा शब्द शोभेचा नव्हता. आम्ही सराई नाही, घर आहोत, आणि कोणाला आत घ्यावे हे आम्ही ठरवू, असा त्याचा अर्थ होता. घरमालकीण पाहुण्याशी एकेक करून करार करी. तो करार करण्यास नकार देण्यासही ती मोकळी होती. ज्या घरपणामुळे ती रात्री उठून मुलासाठी पेज करी, त्याच घरपणाच्या आधारे ती दार लावून घेऊ शके.

५. दाराबाहेरचा माणूस

या फरकाचे महत्त्व दोन घटनांवरून कळते. लिअरी कॉन्स्टंटाइन हे वेस्ट इंडीजचे थोर क्रिकेटपटू १९२९ पासून जवळजवळ दशकभर लँकशरमधील नेल्सन या गिरणगावाच्या संघाकडून खेळले आणि तेथे अत्यंत लोकप्रिय होते. १९४३ मध्ये लॉर्ड्‌सवरील सामन्यासाठी ते सहकुटुंब लंडनला आले असता, आधी जागा राखून ठेवलेली असूनही एका मोठ्या हॉटेलाने त्यांच्या वर्णामुळे त्यांना ठेवून घेण्यास नकार दिला. १९४४ मध्ये न्यायालयाने निकाल कॉन्स्टंटाइन यांच्या बाजूने दिला. त्यावेळी वर्णभेदाविरुद्ध कोणताही स्वतंत्र कायदा नव्हता. निकालाचा आधार सराईवाल्याचे जुने कर्तव्य हाच होता. भरपाई केवळ पाच गिनी मिळाली, पण तत्त्व प्रस्थापित झाले. हाच नकार एखाद्या बोर्डिंग हाऊसने दिला असता, तर या आधाराचा उपयोग झाला नसता.

१९६५ मध्ये ब्रिटनचा पहिला वंशसंबंधविषयक कायदा झाला. त्याने हॉटेले व उपाहारगृहे यांतील भेदभावास बंदी केली. परंतु खासगी बोर्डिंग हाऊसे त्या कक्षेबाहेर राहिली. १९६८ च्या कायद्याने कक्षा वाढविली, तरी मालक स्वतः राहतो आणि घराचा काही भाग इतरांबरोबर वाटून घेतो, अशा लहान घरांपुरती सवलत उरलीच. कायदा घराच्या उंबऱ्यापाशी अडखळत होता. या अडखळण्याचा शेवट बऱ्याच उशिरा झाला. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरील एका छोट्या खासगी हॉटेलाच्या मालक दांपत्याने २००८ मध्ये, कायदेशीर नागरी भागीदारीत असलेल्या दोन पुरुषांना दुहेरी पलंगाची खोली नाकारली. हे आमचे राहते घर आहे आणि आमच्या धर्मश्रद्धेनुसार आम्ही ते चालवितो, असे त्यांचे म्हणणे होते. २०१३ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्यांच्याविरुद्ध दिला. ज्याने आपल्या घराचे दार पैशासाठी लोकांना उघडले, त्याला ते काही लोकांपुरते मिटता येणार नाही, असा या निकालाचा आशय आहे.

भारतातील वाचकाला हा प्रश्न परका नाही. परदेशातील उच्च शिक्षणानंतर १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यास गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोठेही जागा मिळेना; अखेर पारशी नाव धारण करून त्यांना एका पारशी सराईत राहावे लागले. सराईत दुसरे कोणी उतरत नव्हते, आणि चार पैसे मिळतील म्हणून व्यवस्थापकाने त्यांना ठेवून घेतले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर काढण्यात आले. हा प्रसंग बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात स्वतः लिहून ठेवला आहे. दुकानाने तेथे त्यांना आत घेतले होते. 'ही वास्तू आमची आहे' म्हणणाऱ्या समाजाने त्यांना घालविले. बाजाराला निष्ठुर म्हणण्याची प्रथा आहे, परंतु अनोळखी माणसाच्या दृष्टीने काही वेळा दुकान हे घराहून अधिक दयाळू ठरते.

६. ओळख ओसरल्यावर

१९६० नंतरच्या दशकांत स्पेनच्या उन्हाकडे नेणाऱ्या स्वस्त विमानसहली सुरू झाल्या, गिरण्या बंद पडू लागल्या आणि गिरणगावांचे आठवडे ओसरले. दरवर्षी त्याच घरी येणारे कुटुंब नाहीसे झाले. त्याबरोबर ओळखीचा आधार गेला आणि त्याची जागा तपासणीने घेतली. १९६९ च्या कायद्याने पर्यटन मंडळे स्थापन झाली. पुढे निवासस्थानांची प्रतवारी करून चिन्हे देण्याची पद्धत रूढ झाली. १९७१ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यान्वये १९७२ मध्ये, सहांहून अधिक माणसांची झोपण्याची सोय करणाऱ्या हॉटेलांना व बोर्डिंग हाऊसांना प्रमाणपत्र घेणे आवश्यक झाले. जिने, दारे, सुटकेचे मार्ग यांवरील खर्च लहान घरांना जड गेला. परंतु त्या खर्चामागे जीव वाचविण्याचे कारण होते. पूर्वी बर्नलीच्या शेजारणीने द्यावयाची ग्वाही आता निरीक्षकाने द्यावयाची होती.

ब्लॅकपूलमधील पुष्कळ निवासगृहांचे पुढे काय झाले, हे या इतिहासातील सर्वांत खिन्न प्रकरण होय. पाहुणे न मिळाल्याने त्यांच्या खोल्या पाडून त्या एकेकट्या, गरीब व सरकारी साहाय्यावर जगणाऱ्या लोकांना भाड्याने दिल्या गेल्या. मालक तेथे राहत नव्हता, स्वयंपाकघरात कोणी नव्हते. २०१९ च्या सरकारी मोजणीत इंग्लंडमधील सर्वांत वंचित ठरलेल्या दहा लहान विभागांपैकी आठ ब्लॅकपूलमधील होते. तीच वास्तू, त्याच खोल्या. परंतु आता ते घरही नव्हते आणि पाहुण्याची मर्जी राखणारे दुकानही नव्हते.

७. समारोप

या विवेचनाचा कोकण किनाऱ्याशी निकटचा संबंध आहे. १८४६ च्या रेल्वेने ब्लॅकपूलचे जे केले, त्याची लहान आवृत्ती १९९८ मध्ये पूर्णत्वास गेलेल्या कोकण रेल्वेने येथे सुरू केली. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने न्याहारी व निवास योजनेद्वारे किनाऱ्यावरील कुटुंबांना आपल्या घरातील खोल्या पर्यटकांना देण्यास उत्तेजन दिले. येथेही ओटीवरील स्वागत, सोलकढी, माशांचे ताट यांची स्तुती होते. आणि येथेही त्या स्तुतीमागे पहाटे उठून रात्री उशिरा पाठ टेकणारी घरातील स्त्री असते. तिच्या श्रमांचा हिशेब कोणाच्या वहीत लिहिला जातो, हा अभ्यासाचा पहिला विषय आहे.

दुसरा विषय उंबऱ्याचा आहे. भारतीय संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने धर्म, वंश, जात, लिंग व जन्मस्थान यांवरून हॉटेलात प्रवेश नाकारण्यास मनाई केली आहे. १९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने, ज्याला १९७६ मध्ये नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले, 'हॉटेल' या शब्दाच्या व्याख्येत बोर्डिंग हाऊस आणि लॉजिंग हाऊस यांचा स्पष्ट समावेश केला. ब्रिटिश संसदेने १९६५ मध्ये ज्या घरांना वगळले, त्यांना भारतीय संसदेने दहा वर्षे आधीच कायद्याच्या कक्षेत आणले होते. ज्या देशाने 'घर' या शब्दाच्या आडून होणारा नकार दीर्घकाळ भोगला होता, त्याला हा शब्द किती लवचिक आहे हे ठाऊक होते. दारात आलेल्या पाहुण्याचे आडनाव विचारून खोली देणारे घर कितीही प्रेमाने वाढीत असले, तरी त्याचे स्वागत अपुरेच म्हटले पाहिजे.

पाहुण्याला आठवतो तो खिडकीतील समुद्र आणि सकाळचा गरम चहा. अभ्यासकाने त्याबरोबर दोन गोष्टी पाहाव्यात : तो चहा कोणी केला, आणि तो कोणाला मिळाला नाही.